लोकसभेला एकीकडे, विधानसभेला दुसरीकडे: मग दिंडोरी पट्टा नक्की कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे निफाड तालुक्यातले. मे २०२४ मध्ये दिंडोरी लोकसभा मतदारसंघात महाविकास आघाडी लाखाच्या फरकाने जिंकली. बरोबर सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, त्याच सहा विधानसभा क्षेत्रांत सहाही आमदार महायुतीचे आले. ‘मग आमचा भाग खरा कोणाचा, यात जातीचा वाटा किती, आणि गावनिहाय आकडे पाहून ते सांगता येते का?’

सांगता येते, पण प्रश्न जरा फिरवून घ्यावा लागतो. ‘भाग कोणाचा’ असे विचारले की आपण दोन निकाल शेजारी ठेवतो आणि मधल्या सहा महिन्यांत लोकांचे मन का पालटले याची कारणे शोधत बसतो. आधी हे तपासायला हवे की मन पालटले का. दिंडोरीत बऱ्याच अंशी ते पालटलेलेच नाही, असे माझे वाचन आहे.

सहा नावे बघा. नांदगाव सुहास कांदे, कळवण नितीन पवार, चांदवड डॉ. राहुल आहेर, येवला छगन भुजबळ, निफाड दिलीप बनकर, दिंडोरी नरहरी झिरवाळ. हे २०२४ चे विजयी. आता २०१९ चे विजयी काढा. तीच सहा नावे, त्याच जागांवर. फरक एवढाच की २०१९ मध्ये यांतले चौघे एकसंध राष्ट्रवादीचे होते, कांदे एकसंध शिवसेनेचे आणि आहेर भाजपचे. जून २०२२ मध्ये कांदे शिंदे गटासोबत गेले, जुलै २०२३ नंतर राष्ट्रवादीचे चौघे अजित पवारांसोबत गेले. मतदारांनी माणूस तोच ठेवला, माणसाच्या अंगावरचा झेंडा बदलला. निकालाच्या तक्त्यात मात्र हे ‘आघाडीकडून महायुतीकडे झुकले’ असे दिसते.

दुसरी गोष्ट, हा विरोधाभास २०२४ ला पहिल्यांदा घडलेला नाही. २०१९ च्या मे महिन्यात भाजपच्या भारती पवार इथून सुमारे दोन लाखांच्या फरकाने निवडून आल्या आणि पाच महिन्यांनी सहापैकी चार आमदार राष्ट्रवादीचे झाले. त्याआधी २०१४ ला भाजपचे हरिश्चंद्र चव्हाण दोन लाखांहून जास्त मतांनी जिंकले. त्यानंतरच्या विधानसभेत तीन जागा राष्ट्रवादीला, एक मार्क्सवाद्यांना, आणि भाजप व शिवसेनेला एकेक. म्हणजे सलग तीन फेऱ्यांत या पट्ट्याने दिल्लीला एक उत्तर दिले आणि मुंबईला दुसरे. गंमत म्हणजे २०१४ ला चव्हाणांविरुद्ध हरलेल्या राष्ट्रवादीच्या उमेदवार भारती पवारच होत्या. पक्षावरून कल मोजणाऱ्याची इथे पंचाईत होते ती अशी.

म्हणून पहिला नियम: लोकसभा लोकसभेशी ताडायची, विधानसभा विधानसभेशी. मे आणि नोव्हेंबर शेजारी ठेवायचे ते शेवटी, आणि तेही मतटक्का काढायला नाही, तर माणसाची मते आणि वाऱ्याची मते वेगळी करायला.

हे दोन थर वेगळे का पडतात, याला दिंडोरीत एक खास कारण आहे. लोकसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. विधानसभेत कळवण आणि दिंडोरी राखीव, बाकीच्या चार खुल्या. निफाड, येवला, चांदवड, नांदगाव इथली जी घराणी बाजार समिती, सोसायट्या, बँका चालवतात त्यांच्यातले कोणी लोकसभेला उभे राहूच शकत नाही. त्यामुळे लोकसभेला निफाडच्या मतदाराला आपला उमेदवार भावकीतला, नात्यातला किंवा नेहमी काम करून देणारा वाटत नाही. मग मत जाते कांद्यावर, केंद्रातल्या सरकारवर, पक्षावर. विधानसभेला त्याच मतदारासमोर ट्रान्सफॉर्मर बदलून देणारा, लग्नाला येणारा माणूस असतो. खुल्या लोकसभा मतदारसंघात ही दरी इतकी रुंद नसते. तेव्हा दिंडोरीचा निष्कर्ष जसाच्या तसा शेजारच्या मतदारसंघाला लावू नका.

आता आकडे. तुम्हाला हवा तो कागद म्हणजे फॉर्म २०, अंतिम निकालपत्रक. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ते विधानसभा क्षेत्रनिहाय असते. लोकसभेचेही प्रत्येक विधानसभा क्षेत्राचे वेगळे पत्रक असते, म्हणून दोन्ही निवडणुका एकाच हद्दीत ताडता येतात. प्रत्येक ओळ म्हणजे एक मतदान केंद्र. पुढे प्रत्येक उमेदवाराची मते, मग वैध मते, नोटा, एकूण. तळाशी यंत्रावरच्या मतांची बेरीज आणि टपाली मते.

यात चुका होतात त्या नेहमीच्याच आहेत, त्या आधी सांगतो.

सगळ्यात मोठी चूक हद्दीची. तालुका आणि विधानसभा मतदारसंघ एक नव्हे. लासलगाव महसुलाने निफाड तालुक्यात, पण आमदार येवल्याचा. देवळा तालुका चांदवडमध्ये येतो, पेठ दिंडोरीत, सुरगाणा कळवणमध्ये. तुम्ही ‘निफाड तालुक्याचा कल’ म्हणून फक्त निफाडचा फॉर्म २० उघडलात तर तालुक्यातली सगळ्यात मोठी कांद्याची बाजारपेठच हिशेबातून गळते. ती येवल्याच्या पत्रकातून उचलून आणावी लागते. आणि २००८ च्या फेररचनेआधीचे आकडे याच नावांखाली मिळाले तरी ते वापरू नका. दिंडोरी हा लोकसभा मतदारसंघच २००९ पासूनचा आहे.

दुसरी चूक केंद्राच्या क्रमांकाची. एका केंद्रावर किती मतदार ठेवायचे याला मर्यादा असल्याने (२०२४ ला ती साधारण १५०० होती) दर निवडणुकीआधी काही केंद्रे फोडतात, काही जोडतात. २०१९ चे १४३ नंबरचे केंद्र २०२४ ला १४३ असेलच असे नाही; मध्ये एक केंद्र वाढले की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. क्रमांकाने जुळवणी केली तर एका गावाची मते दुसऱ्याच्या नावावर जातात, आणि बेरीज बरोबर येत असल्याने चूक लक्षातही येत नाही. जुळवणी गावाच्या नावाने आणि शाळेच्या खोलीने करा. त्यासाठी दोन्ही वर्षांची मतदान केंद्रांची यादी लागते, कारण पुष्कळदा फॉर्म २० वर नुसता क्रमांकच असतो. गावात तीन-चार केंद्रे असतील तर ती आधी एकत्र करा. केंद्र ते केंद्र तुलना दिसायला बारकाईची, पण मळ्यातल्या वस्त्या या खोलीतून त्या खोलीत गेल्या की ती फसते.

तिसरी, स्तंभांची. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत अमान्यताप्राप्त पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावे वर्णानुक्रमे. त्यामुळे एकाच पक्षाचा स्तंभ दोन निवडणुकांत दोन जागी असतो. शिवाय पत्रके पुष्कळदा स्कॅन केलेली, आडवी-तिडवी. संगणकाकडून अंक वाचून घेतलेत तर १ चा ९ आणि ३ चा ८ होतो. उपाय एकच: प्रत्येक ओळीची बेरीज स्वतः करून छापील एकूण आकड्याशी ताडा. ज्या ओळी जुळत नाहीत तेवढ्याच डोळ्यांनी वाचा.

चौथी, शून्यांची. एखाद्या केंद्रासमोर सगळीकडे शून्य दिसले तर गावाने बहिष्कार घातला असेल, किंवा त्या केंद्राचे यंत्र मोजलेच नसेल. मतदानाआधी जी चाचणी मते टाकतात ती पुसायची राहिली, तर असे यंत्र बाजूला ठेवतात, आणि विजयाचा फरक त्या केंद्राच्या एकूण मतांपेक्षा जास्त असला तर ते मोजत नाहीत. बहिष्कार की बाद यंत्र, हे गावात एक फोन केला की कळते. सरासरीत ते शून्य धरू नका.

टपाली मते गावाच्या हिशेबात येत नाहीत. सैनिक, निवडणूक ड्युटीवरचे कर्मचारी, आणि घरून मतदान करणारे ८५ वर्षांवरचे व दिव्यांग मतदार त्यात असतात. लोकसभेला ती मते मतदारसंघाच्या पातळीवर मोजतात, म्हणून सहा पत्रकांची बेरीज जाहीर निकालापेक्षा थोडी कमी भरते. ती चूक नाही.

आता नीट मांडलेल्या आकड्यांचे काय करायचे. एक काल्पनिक गाव घेऊ: दोन्ही वेळा २००० मतदार. मे महिन्यात १२०० जणांनी मतदान केले; ‘अ’ला ७००, ‘ब’ला ४२०, इतरांना ८०. नोव्हेंबरमध्ये १४८० जणांनी केले. ‘अ’ला ६६०, ‘ब’ला ७४०, इतरांना ८०. टक्केवारीत ‘अ’ ५८ वरून ४५ वर घसरला आणि गाव ‘फिरले’. पण मते मोजा: ‘अ’ची फक्त ४० मते कमी झाली. ‘ब’ची ३२० वाढली, त्यांतली २८० एवढी तर वाढलेल्या मतदानाचीच आहेत. म्हणून मी टक्का कधीही झालेल्या मतदानावर काढून थांबत नाही, एकूण नोंदलेल्या मतदारांवरही काढतो. तिथे ‘अ’ ३५ वरून ३३ वर, म्हणजे जवळपास जागेवर. ‘ब’ २१ वरून ३७ वर. या गावात विचारायचा प्रश्न ‘अ’ला लोक का सोडून गेले हा नाही. मे महिन्यात घरी बसलेले २८० जण कोण होते, त्यांना नोव्हेंबरमध्ये कोणी बाहेर काढले, हा आहे.

अर्थात हा निव्वळ फरक आहे. ‘अ’चे २०० मतदार घरी बसले आणि १६० नवे आले तरी आकडा ४० चाच दिसेल. फॉर्म २० तुम्हाला माणसांची ये-जा दाखवत नाही, शिल्लक दाखवतो. शिवाय मतदारसंख्या खरोखर स्थिर नसते. मे ते नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या यादीत सुमारे ४० लाख नावे वाढली, त्यावरून वादही झाला. तुमच्या गावात किती वाढली हे दोन्ही याद्यांच्या गोषवाऱ्यावरून केंद्रनिहाय काढता येते, आणि ते काढल्याशिवाय वरचा हिशेब करू नये.

मे आणि नोव्हेंबरमध्ये प्रत्यक्ष परिस्थिती काय होती, हेही जोडून बघा. कांद्यावरची निर्यातबंदी डिसेंबर २०२३ मध्ये आली आणि ४ मे २०२४ ला उठली, तीही किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. दिंडोरीचे मतदान २० मे ला. म्हणजे उन्हाळ कांदा निघून चाळीत पडत होता, घराघरांत माल होता आणि राग ताजा होता. सप्टेंबरमध्ये किमान निर्यातमूल्य काढले, शुल्क २० टक्क्यांवर आणले. नोव्हेंबरपर्यंत चाळीतला कांदा बहुतेकांचा विकून झालेला, लाल कांदा यायला लागलेला. मधल्या काळात जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीजबिल माफी. म्हणून केंद्रे तीन ढिगांत टाका: कांद्याची गावे (चांदवड, येवला, नांदगाव, लासलगाव परिसर), द्राक्षाची बागायती गावे (निफाड, दिंडोरी), आणि आदिवासी पट्टा (पेठ, सुरगाणा, कळवणचा डोंगरी भाग). कांद्याचा राग हेच खरे कारण असेल तर पहिल्या ढिगातली उलथापालथ बाकी दोन्हींपेक्षा ठळक दिसायला हवी. तिन्ही ढीग सारखेच हलले असतील तर कारण दुसरे शोधा. कारण आधी ठरवून आकडे नंतर गोळा केले की प्रत्येक कारण खरे ठरते.

आदिवासी पट्ट्यात आणखी एक अडचण. मार्क्सवादी पक्षाचे जे. पी. गावित २०१९ ची लोकसभा लढले आणि त्यांनी लाखाहून अधिक मते घेतली. २०२४ ला त्यांनी आघाडीसाठी माघार घेतली. तेव्हा सुरगाण्यात २०१९ च्या तुलनेत आघाडीची मते उसळलेली दिसली तर तो वारा नव्हे, जुन्या लाल मतांची बेरीज असू शकते. ताडताना २०१९ ची राष्ट्रवादी आणि मार्क्सवाद्यांची मते आधी एकत्र करा.

आणि आता तुतारी. २०२४ च्या लोकसभेत आघाडीतल्या शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे यांना ५,७७,३३९ मते आणि भारती पवार यांना ४,६४,१४० मते मिळाली. त्याच मतपत्रिकेवर भगरे आडनावाचे एक अपक्ष होते, चिन्ह ट्रम्पेट, ज्याचे मराठी नाव तेव्हा तुतारी असेच छापले होते. त्यांना १,०३,६३२ मते पडली. शरद पवारांच्या पक्षाचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. गोंधळ झाला हे सगळेच म्हणतात. फॉर्म २० वरून ते तपासताही येते. खऱ्या स्थानिक अपक्षाची मते त्याच्या गावाभोवती दाटतात आणि लांब गेल्यावर विरतात. गोंधळाची मते दुसऱ्याच्या मतांची सावली असतात: जिथे खऱ्या उमेदवाराला जास्त तिथे यांनाही जास्त. एकूण प्रमाण शंभराला अठराच्या आसपास आहे. प्रत्येक गावाचे प्रमाण काढा. ते बहुतेक ठिकाणी याच्या आगेमागे राहिले तर गोंधळ धरा, आणि आघाडीचा लोकसभेचा पाया निकालात दिसतो त्याहून मोठा समजा. साताऱ्यात तर अशाच चिन्हावरच्या अपक्षाची मते (३७,०६२) विजयाच्या फरकापेक्षा (३२,७७१) जास्त होती.

विधानसभेत गुंता वेगळा. नांदगावला मुख्य लढत कांदे आणि अपक्ष समीर भुजबळ यांच्यात झाली. आघाडीचा उमेदवार होता, पण अनेकांनी ‘कांदे हवेत की नकोत’ एवढाच प्रश्न सोडवला. अशा ठिकाणी आघाडीच्या उमेदवाराची मते म्हणजे आघाडीचा पाया नव्हे. उलट टोकाचे उदाहरण २०१९ चे लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगाव. दोन्हीकडे काँग्रेसचा उमेदवार प्रचंड फरकाने जिंकला आणि दुसऱ्या क्रमांकावर नोटा आला; लातूर ग्रामीणमध्ये सुमारे साडेसत्तावीस हजार. दोन्ही जागा भाजप-शिवसेना युतीत शिवसेनेला सुटल्या होत्या. त्या नोटाला ‘जनतेची नाराजी’ म्हणून मोजले की फसलात. जागावाटपाचा तो स्थानिक हिशेब होता.

‘मधल्या सहा महिन्यांत काहीतरी घडलेच असेल’ असे अजून वाटत असेल तर नांदेड बघा. तिथे खासदाराच्या निधनामुळे लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेसोबत एकाच दिवशी, २० नोव्हेंबर २०२४ ला झाली. तेच मतदार, तीच खोली, शेजारी शेजारी दोन यंत्रे. लोकसभेला काँग्रेस १,४५७ मतांनी जिंकली आणि त्याच हद्दीतल्या सहाही विधानसभा जागा महायुतीने घेतल्या. इथे मन पालटायला सहा महिने नव्हते, सहा मिनिटेही नव्हती. काही मतदारांनी दोन यंत्रांवर दोन वेगळी बटणे दाबली, आणि विधानसभेला जास्त उमेदवार असल्याने विरोधी मते फुटलीही. दोन्हींचा वाटा किती, हे क्षेत्रागणिक बदलते. प्रत्येक केंद्रावर काँग्रेसची लोकसभेची मते वजा आघाडीची विधानसभेची मते काढली की दिसायला लागते.

परिस्थितीवर काय अवलंबून राहते तेही सांगतो. बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोड कामगार दिवाळीच्या आसपास बाहेर पडतात आणि उन्हाळ्यापर्यंत परततात. तिथे मेचा मतदार आणि नोव्हेंबरचा मतदार हेच दोन वेगळे गट असतात. पेठ-सुरगाण्याची माणसे कामासाठी द्राक्षपट्ट्यात आणि गुजरातेत जातात, तिथेही हे थोडे लागू होते. ग्रामपंचायतीचा निकाल कलासाठी धरूच नका. ती निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही आणि निकालाच्या संध्याकाळी एकाच सरपंचाला दोन पक्ष आपला म्हणतात. बाजार समितीचे मतदार तर सोसायट्यांचे आणि ग्रामपंचायतींचे निवडून आलेले सदस्य, व्यापारी, हमाल-मापारी एवढेच. तिथे पॅनल कळते, गाव कळत नाही.

जातीबद्दल विचारलेत म्हणून. केंद्रावर अमुक समाजाची वस्ती सत्तर टक्के आणि अमुक उमेदवाराला सत्तर टक्के, म्हणून त्या समाजाने त्याला मत दिले, असे सिद्ध होत नाही. तीच बेरीज दहा प्रकारांनी होऊ शकते. नव्वद-पंचाण्णव टक्के एकाच समाजाची वस्ती असलेली केंद्रे वेगळी काढून तेवढ्यांपुरते सावधपणे बोलता येते; मिश्र गावांवरून नाही. मराठा-ओबीसी तणावाचा येवल्यात परिणाम झाला का, हे तपासायचे असेल तर भुजबळांची २०१९ आणि २०२४ ची मते गाववार ताडा. त्यांची एकूण मते नव्हे, गावागावांतला फरक किती पसरला ते बघा. आधी सगळीकडून मध्यम मते येत होती आणि आता काही गावांतून फार जास्त, काहींतून फार कमी, असे झाले असेल तर ते ध्रुवीकरणाचे चिन्ह.

सुरुवात करताना सगळी केंद्रे घेऊ नका. लासलगाव धरून तालुक्यातली वीस गावे निवडा: सात कांद्याची, सात द्राक्षाची, बाकी बाजारपेठेची. २०१९ आणि २०२४, प्रत्येकी लोकसभा व विधानसभा, असे चार आकडे आणि चार वेळची मतदारसंख्या एका तक्त्यात. एका रविवारचे काम आहे. मतमोजणीच्या दिवशी वाहिन्यांवर दिसणारे फेरीनिहाय लीड त्यात मिसळू नका. बहुतेक ठिकाणी एका फेरीत चौदा टेबलांवर चौदा केंद्रे मोजली जातात, आणि क्रमांक लागोपाठच्या गावांचे असतात. पहिल्या पाच फेऱ्यांचा लीड म्हणजे मतदारसंघाच्या एका कोपऱ्याची बातमी.